चावीताईंचा नकाशा

पाणीखात्यात मी सव्वीस वर्षं नकाशे काढले. निदान माझ्या हुद्द्यात तरी तसं लिहिलेलं होतं. खरं सांगायचं तर बहुतेक काळ मी जुने नकाशे नव्या कागदावर उतरवण्यात घालवला, आणि ते जुने नकाशे मुळातच चुकीचे असल्यामुळे त्यांतल्या चुका मी फक्त अधिक सुवाच्य केल्या. हे माझ्या लक्षात आणून दिलं ते एका बाईंनी. अख्खं शहर त्यांना चावीताई म्हणायचं.

त्यांचे यजमान आमच्याच खात्यात पाणी सोडायच्या कामावर होते. रस्त्याखालून जाणाऱ्या पाइपांवर ठिकठिकाणी वॉल्व्ह असतात. प्रत्येक वॉल्व्ह विटांनी बांधलेल्या छोट्या खड्ड्यात, आणि वर लोखंडी झाकण. झाकण उघडायचं, खांद्याइतकी उंच लोखंडी चावी आत घालायची आणि फेरे मोजत फिरवायची, की कुठल्या तरी गल्लीतले नळ वाहू लागतात. यजमान एका सकाळी कामावर निघाले होते. दारात चपला घालता घालताच कोसळले. वय चव्वेचाळीस. त्यांच्या जागी ताईंना नोकरी मिळाली, आणि साहेबांनी त्यांना ऑफिसात टपाल फिरवायचं काम द्यायचं ठरवलं.

पहिल्याच दिवशी ताई साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "मला त्यांची चावी द्या."

"अहो, नऊ किलोची आहे ती," साहेब म्हणाले.

"दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन तीन जिने रोज चढते मी. तुमच्याच खात्याच्या कृपेनं."

साहेबांना हसू आवरेना. चावी मिळाली.

पहिले दोन महिने त्यांच्या तळहातांची सालटी निघाली. गंजलेला वॉल्व्ह हटून बसला की चावीच्या दांड्याला अक्षरशः लोंबकळायच्या. पण यजमानांचं जेवणाच्या ताटावरचं सगळं बोलणं त्यांनी बारा वर्षं कान देऊन ऐकलं होतं. बाजाराचा वॉल्व्ह अडतीस फेऱ्यांचा, दवाखान्याचा उलटा फिरतो, शाळेमागचा जोर लावला की रुसतो. दिवसभर काय केलं हे नवऱ्याला नीट विचारणारी बायको तशी दुर्मीळच. ताईंना त्या चौकशीचा असा उपयोग झाला.

पाणी कमी आलं की लोक त्यांना वाट्टेल ते बोलायचे. एकदा एक बाई गॅलरीतून ओरडली, "काय हो, आमच्या गल्लीशी तुमचं काही वाकडं आहे का?" ताई खालूनच म्हणाल्या, "तुमच्या गल्लीशी नाही, तुमच्या पंपाशी आहे. तो बंद करा, शेजारणीला पण आंघोळ करू दे." शेजारणीनं गॅलरीतून टाळ्या वाजवल्या.

घरी त्या आणि सासूबाई, दोघीच. सासूबाईंना ही नोकरी मुळीच पसंत नव्हती. "सून रस्त्यात वाकून खड्ड्यात डोकं घालते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पण सुनेचा जेवणाचा डबा मात्र कधी चुकला नाही.

अशी बारा वर्षं गेली. मग शहराचं नशीब उघडलं, असं वर्तमानपत्रात छापून आलं. समुद्राच्या कडेनं चौपदरी रस्ता, त्याला दगडी बंधारा, खाडीच्या तोंडावर नवा पूल. एका पावसाळ्यानंतर काम सुरू झालं आणि बघता बघता शहराचा चेहरामोहरा ओळखू येईना. झाडं गेली, दुकानांच्या पायऱ्या गेल्या, जुना बसथांबा गेला. आणि डांबर पडत गेलं तसतशी ताईंची झाकणं एकामागून एक त्याखाली गडप होऊ लागली.

त्या साइट इंजिनियरकडे गेल्या. तो ठेकेदाराचा माणूस, चाळिशीचा, कायम झोप अपुरी झाल्यासारखा दिसणारा.

"माझी झाकणं कुठायत?"

"बाई, ड्रॉइंगवर इथे झाकण नाही."

"ड्रॉइंगवर नाही, रस्त्यात आहे. होतं."

त्यानं माझ्या हातचा नकाशा त्यांच्यापुढे पसरला. ताई तो घेऊन तडक माझ्याकडे आल्या. "भाऊ, हे तुम्ही काढलंय?" मी मान डोलावली. मूळ कागद तीस वर्षांचा होता, खारट दमट हवेनं त्याच्या कडा खाल्ल्या होत्या, आणि जे दिसत नव्हतं ते मी अंदाजानं जुळवलं होतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "असू दे," म्हणाल्या, "माझं सगळं इथे आहे," आणि कपाळावर बोट ठेवलं. मला हायसं वाटलं. आम्हा दोघांच्याही हातून घडलेली मोठी चूक ती हीच.

त्यानंतर महिन्याभरात, सकाळी साडेनऊच्या सुमारास, खोदाईच्या मशीनचा दात मेन लाइनला लागला. बारा इंची पाइप. पाणी माणसाच्या उंचीइतकं उसळलं आणि खणलेल्या चरात भरू लागलं. चर एका शिंप्याच्या घराला अगदी खेटून होता. ताईंना निरोप गेला, त्या चावी घेऊन धावत आल्या. तो भाग बंद करणारा वॉल्व्ह नव्या डांबराखाली होता.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खडूनं फुली मारली. "इथे फोडा."

फोडलं. खाली नुसती खडी.

"मग थोडं अलीकडे."

तिथेही काही नाही. मी शेजारीच उभा होतो. त्यांचा चेहरा मला आठवतो. बाई मनातल्या मनात चालत होत्या. बदामाच्या झाडापासून सहा पावलं, न्हाव्याच्या पायरीपासून चार. पण झाड आता नव्हतं आणि पायरी रस्तारुंदीत गेली होती. कशापासून सहा पावलं? चौथ्यांदा फोडलं तेव्हा, पहिल्या फुलीपासून अकरा फुटांवर, झाकण लागलं. वॉल्व्ह बंद झाला तेव्हा पावणेएक वाजला होता. त्याच्या आधी वीस मिनिटं शिंप्याची रस्त्याकडची भिंत चरात बसली होती, आणि तिच्याबरोबर दोन शिलाईमशीनं आणि गिऱ्हाइकांच्या कापडांचं कपाट. घरात त्या वेळी कोणी नव्हतं, एवढं बरं.

चौकशी झाली. ठेकेदारावर ठपका आला, तो यायलाच हवा होता. साहेबांनी ताईंना बोलावून सांगितलं की तुमच्याकडे कोणीही बोट दाखवलेलं नाही. ताई म्हणाल्या, "लिहा, की जागा दाखवण्यात माझी चूक झाली. तीन तास गेले ते माझ्यामुळे."

"कशाला उगाच अंगावर ओढून घेता?"

"झालंय ते लिहा."

मग त्या शिंप्याकडे गेल्या. तो विटांच्या ढिगाऱ्यात बसून कापडाचा चिखल धुवत होता. ताईंनी सांगितलं की वॉल्व्ह मला सापडला नाही, मी चुकले. शिंप्यानं वर पाहिलं. "चुकलात ते कळलं. त्यानं माझी भिंत उभी राहणारंय का?" ताई खाली बसल्या आणि दोन तास कापड पिळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आत त्या माझ्या टेबलाशी हजर. हातात शंभर पानी वही आणि मोजायची टेप.

"मला नकाशा काढायला शिकवा."

"तुम्ही सांगा, मी काढतो ना," मी म्हणालो.

"नाही. सांगितलेलं चुकतं. मला मोजलेलं हवंय. आणि मोजलेलं माझ्या डोक्यात नको, कागदावर हवं. मी उद्या दारात कोसळले तर?"

मी कंपास काढला. समजावलं, की वॉल्व्हपासून एका पक्क्या कोपऱ्यापर्यंत माप घ्यायचं, मग दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. कागदावर त्या दोन कोपऱ्यांभोवती दोन वर्तुळं काढायची. ती एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात; त्यातलं खरं कुठलं ते तिसरं माप सांगतं.

त्यांनी क्षणभर कागदाकडे पाहिलं. "म्हणजे दोन साक्षीदार असले तर गोंधळ उडू शकतो. तिसरा आला की निकाल."

मला चार वर्षं शिकून हे इतक्या नेमकेपणानं कधी सांगता आलं नव्हतं.

आता प्रश्न होता पक्के कोपरे आणायचे कुठून. शहरात जे उभं आहे ते उद्या असेल याची खात्री कोणाला? ताई नियोजन विभागात गेल्या आणि काय काय पाडणार त्याची यादी मागितली. तिथल्या कारकुनानं चष्म्यावरून पाहून सांगितलं की ती माहिती गोपनीय आहे.

"बरं," ताई म्हणाल्या, "मग जे पाडणार नाही त्याची द्या."

कारकून गोंधळला. तसा काही नियम त्याला आठवेना. संध्याकाळपर्यंत यादी ताईंच्या हातात होती: न्यायालय, शाळेचा दगडी चौथरा, बँक, दीपस्तंभाची भिंत, दवाखाना, असे एकशे तीस कोपरे.

टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. खात्यानं दिला नाही. वर, ड्यूटी संपल्यावर काय करायचं ते करा, असं सांगितलं. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, जीभ शाबूत. घडीची खुर्ची घेऊन त्या कोपऱ्याशी बसायच्या आणि टेपचा शून्याचा आकडा भिंतीला अंगठ्यानं दाबून धरायच्या.

"आई, हलू नका हं."

"मी हलत नाही. भिंत हलली असेल तर तिला सांग."

येणारे-जाणारे थांबायचे. "काय मोजताय आजी?" कोणी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "शहर. अर्धं झालंय." ज्या बाईंना सुनेचं रस्त्यात वाकणं लाजिरवाणं वाटायचं, त्या आता जाणाऱ्या मोटारीला हात करून थांबवायच्या आणि टेपवरून जाऊ नका म्हणून चालकाची खरडपट्टी काढायच्या.

रोज संध्याकाळी उजेड असेतो काम चालायचं. रविवारी सकाळपासून. डांबराखाली दडलेली झाकणं शोधायला ताई चावीचं टोक रस्त्यावर टेकवून दांड्याला कान लावायच्या. पाइपातलं पाणी अरुंद जागेतून जाताना वेगळं वाजतं म्हणत. मी लावून पाहिला तर मला फक्त माझ्याच हृदयाचे ठोके ऐकू आले. त्यांना मात्र त्या आवाजावरून सहा महिन्यांत एकोणीस वॉल्व्ह सापडले. एकूण दोनशे चौदा झाले. त्यातले एकतीस असे होते की ताई बिनधास्त एक जागा सांगायच्या आणि टेप दुसरी दाखवायची. दर वेळी त्या वहीत आधी आपला अंदाज लिहायच्या, मग तो खोडून माप. "हे कशाला?" मी विचारलं. "डोक्याची खोड मोडायला," त्या म्हणाल्या.

शिंप्यानं तोवर भरपाईतून भिंत बांधली होती. त्याच्या घराचा कोपराही त्या यादीत होता. तिथे मोजायची वेळ आली तेव्हा ताई जरा घुटमळल्या. शिंपी दारात येऊन उभा राहिला, टेपकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. मग आत गेला आणि आपली जाड लोखंडी पट्टी घेऊन आला. "ती कापडी टेप ताणली जाते. मला विचारा, माझा धंदाच तो. दर महिन्याला लोखंडी पट्टीशी ताडून बघा." त्या दिवसापासून आम्ही ताडून पाहू लागलो. टेप खरोखरच पाऊण इंच ताणली गेली होती. आधीची बेचाळीस मापं पुन्हा घ्यावी लागली. मी डोक्याला हात लावला. ताईंनी नवी टेप आणली आणि पहिल्या कोपऱ्याकडे चालू लागल्या.

खरी कसोटी पुढे होती. बंधाऱ्यालगतच्या शेवटच्या टप्प्यावर सोमवारी डांबर पडणार असल्याचं शुक्रवारी सकाळी कळलं. त्या टप्प्यात सतरा वॉल्व्ह होते आणि एकाचंही झाकण नव्या रस्त्याच्या पातळीपर्यंत उचललेलं नव्हतं. साइटवर दर शुक्रवारी बैठक असायची. ताईंना आमंत्रण नव्हतं. त्या नकाशाची गुंडाळी घेऊन दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे, जमेल तितका लपून.

साइट इंजिनियर त्यांना पाहून म्हणाला, "काम थांबवता येणार नाही. आधीच दोन महिने उशीर झालाय."

"थांबवा म्हणत नाही मी. तुमचं मशीन कुठल्या टोकाकडून सुरू होणार?"

"पुलाकडून."

"मग पुलाकडचे सहा आज. मधले उद्या, उरलेले परवा. खात्यातून निवृत्त झालेले दोन गवंडी बाहेर उभे आहेत, विटा कालच टाकून घेतल्यात. तुम्ही फक्त सिमेंट द्या आणि रस्ता किती उंच येणार तो आकडा द्या."

"विटा काल टाकल्या? तारीख तर आज ठरली!"

"तुमचा डांबराचा टँकर परवाच आलाय. तो काही समुद्र बघायला आला नव्हता."

खोलीत कोणीतरी खुदकन हसलं. साइट इंजिनियरनं नकाशा उलगडायला सांगितला आणि बराच वेळ त्यावर वाकून राहिला. भिंत पडली त्या दिवशी तोही तिथे होता. "सोमवारी सकाळी सात," तो शेवटी म्हणाला. "सातला मशीन सुरू म्हणजे सुरू."

तीन दिवस आम्ही उन्हात होतो. गवंडी वीट रचायचे, ताई पातळी तपासायच्या, सासूबाई खुर्चीवर छत्री धरून सगळ्यांना पाणी प्यायची आठवण करायच्या. रविवारी सूर्य कलायच्या आत सोळा झाकणं वर आली. सतरावं सापडेना. ते खुद्द ताईंनी कधी पाहिलेलं नव्हतं. यजमानांच्या बोलण्यात दोनदा आलं होतं, दीपस्तंभाकडच्या वळणावर एक जुना वॉल्व्ह आहे, एवढंच. त्यांनी चावीला कान लावून ते वळण पावलापावलानं ऐकलं. तीन ठिकाणी खणून घेतलं. सोमवारी सहा वाजता पुन्हा आल्या.

सात वाजता मशीन सुरू झालं. साइट इंजिनियर त्यांच्यापाशी आला. आवाजात टोमणा नव्हता. "ताई, मशीन इथे यायला साडेदहा होतील. तोवर बघा."

साडेदहापर्यंत पाहिलं. नाही सापडला. ताई बाजूला झाल्या आणि डांबर त्या वळणावरून पुढे गेलं. मला वाटलं आता त्या रडतील. त्या फुटपाथच्या कडेला बसल्या, वही मांडीवर घेतली आणि विचारलं, "भाऊ, नकाशावर न सापडलेल्याची खूण काय असते?"

"तशी खूण नसते. जे सापडत नाही ते दाखवतच नाहीत."

"म्हणून तर आपली ही गत झाली."

त्यांनी तुटक रेषेचं वर्तुळ काढलं आणि शेजारी लिहिलं: 'येथे वॉल्व्ह असल्याचे ऐकले आहे. तीन ठिकाणी खणले. सापडला नाही. यावर विसंबू नये.' माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत आमच्या खात्याच्या कागदावर इतकं सरळ वाक्य मी पाहिलं नव्हतं. त्या वाक्याच्या जोरावरच त्यांनी नव्या वॉल्व्हची मागणी केली, सात वेळा स्मरणपत्रं पाठवली, आणि दोन वर्षांनी तो बसला.

नकाशाचे चोवीस कागद झाले. माझ्या हातून उतरलेले असले तरी प्रत्येक आकडा ताईंच्या वहीतला. साहेबांनी कौतुकाची चिठ्ठी दिली, ती सासूबाईंनी उशीखाली ठेवली आणि त्या गेल्या तेव्हा तिथेच मिळाली.

ताईंच्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना पुलाच्या तोंडाशी पाइप फुटला. नेमक्या त्या दिवशी ताई रजेवर, मी तर निवृत्त होऊन घरीच बसलेला. ड्यूटीवर होता तो दुसऱ्या शहरातून बदलून आलेला, जेमतेम तीन आठवड्यांचा नवा चावीवाला. त्यानं नकाशाचा नववा कागद काढला, तीन मापं घेतली, बावीस मिनिटांत पाणी बंद केलं आणि चहा प्यायला गेला.

ताईंना ही बातमी दुसऱ्या दिवशी कळली. "मला कोणी फोनसुद्धा केला नाही!" त्या मला म्हणाल्या. तासभर त्यांचं तोंड फुगलेलंच होतं. मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "चला, विचारू तरी त्याला, कसं सापडलं."

तो म्हणाला, "सापडलं पटकन. पण बँकेकडचं माप अर्ध्या फुटानं चुकीचं आहे."

मी दचकलो. ताई लगेच त्याच्यासोबत निघाल्या. बँकेनं कोपऱ्यावर नवा दगड चढवला होता. भिंतच जाड झाली होती. ताईंनी त्याच्याकडून माप पुन्हा घेऊन घेतलं, दोनदा. ऑफिसात येऊन नववा कागद टेबलावर पसरला, जुना आकडा एका रेघेनं खोडला आणि पेन्सिल त्या माणसाच्या हातात दिली.

"नवा आकडा तुम्ही लिहा. शेजारी तारीख. आणि खाली सही पण तुमचीच. माप तुम्ही घेतलंय."

तो म्हणाला, "ताई, नकाशा तर तुमचा आहे."

"माझा असता तर घरी नेला असता," त्या म्हणाल्या. "करा सही, आणि उद्या दहावा कागद घेऊन बाहेर पडा. बँकेनं भिंत वाढवली तशी आणखी कोणी वाढवलीय का, ते बघून या."